डिफेंडरचा पहिला पावसाळा

दसऱ्याच्या संध्याकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात सोनं लुटायला जमलेली गर्दी शमीपूजनाइतकीच आणखी एका गोष्टीची वाट पाहत असते, ती म्हणजे राजघराण्याच्या मेबॅक मोटारीची. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३०च्या दशकात आलेली ही जर्मन गाडी आजही स्वतःच्या चाकांवर चौकात येते आणि हजारो मोबाइल तिच्या दिशेने उंचावतात. कोल्हापूरचा मोटारींचा नाद असा जुना आहे, आणि तो नुसत्या बघ्यांचा नाही. शिवाजी उद्यमनगरातल्या मेस्त्रींनी इंजिनं खोलून-जोडून दोन पिढ्या घडवल्या. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींतून ओतलेले सुटे भाग देशभरच्या वाहन कारखान्यांत जातात. पिस्टन बनवणारी ‘मेनन पिस्टन्स’ इथलीच. इथल्याच कृष्णराज महाडिक यांनी ब्रिटनमधल्या फॉर्म्युला-३ शर्यतींत गाडी पळवली.

अशा गावात नवी गाडी आली की लोक रंग बघून थांबत नाहीत, बॉनेट उघडायला लावतात. अलीकडे ‘एमएच-०९’ पासिंगची लँड रोव्हर डिफेंडर रस्त्यात थांबली की तेच होतं. प्रश्नही ठरलेले: किती लिटरचं इंजिन, किती पाण्यातून जाते, आणि एवढ्या पैशांत हिचं करायचं काय?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. त्याचं खरं उत्तर नव्या मालकाला शोरूममध्ये मिळत नाही, ते पहिल्या पावसाळ्यात मिळतं.

ही गाडी मुळात शेतकऱ्याची. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधल्या रोव्हर कंपनीचे मुख्य अभियंता मॉरिस विल्क्स वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या आपल्या शेतावर लष्करातून निघालेली अमेरिकन जीप वापरत. तिच्या तोडीची, नांगरापासून पाण्याच्या पंपापर्यंत सगळं चालवू शकेल अशी आपली गाडी का असू नये, या विचारातून पहिली लँड रोव्हर जन्मली आणि ३० एप्रिल १९४८ रोजी अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. युद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादाचं रेशनिंग होतं, म्हणून तिच्या अंगाला अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू वापरला. १९९०मध्ये तिला डिफेंडर हे नाव मिळालं. जुन्या घडणीची शेवटची डिफेंडर २९ जानेवारी २०१६ रोजी सॉलिहलच्या कारखान्यातून बाहेर पडली. त्याआधीच, जून २००८मध्ये, टाटा मोटर्सने जग्वार लँड रोव्हर ही कंपनी फोर्डकडून २.३ अब्ज डॉलरला विकत घेतली होती. नवी डिफेंडर २०१९मध्ये फ्रँकफर्टला सादर झाली. ती मालकीने टाटांची असली, तरी घडते स्लोव्हाकियातल्या नित्रा शहरात. कोल्हापूरहून चार-साडेचार तासांवरच्या पुण्यात २०२४पासून रेंज रोव्हर जोडली जाऊ लागली, डिफेंडर मात्र बोटीनेच येते.

म्हणून तिची किंमतही तशीच. ऑक्टोबर २०२०मध्ये ती भारतात आली तेव्हा सुरुवातीची किंमत ७३.९८ लाख रुपये होती; आता ती कोटीच्या घरात गेली आहे. किमतीत आयात शुल्क आलंच. शिवाय २२ सप्टेंबर २०२५पासून मोठ्या एसयूव्हींवर ४० टक्के जीएसटी आहे; आधीचे २८ टक्के आणि वर २२ टक्के उपकर यांच्या मानाने तो कमीच. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या २० लाखांपुढच्या डिझेल गाडीला १५ टक्के रस्ता कर पडतो. म्हणजे एक कोटीच्या गाडीला १५ लाख रुपये नुसत्या पासिंगच्या वेळी. विमा वेगळाच.

घरी आल्यावर मालकाला पहिली जाणीव होते ती गाडीच्या आकाराची. ‘डिफेंडर ११०’ मागच्या स्टेपनीसह ५ मीटरहून थोडी लांब आहे. आरसे मिटले तरी रुंदी २ मीटर, उघडले की २.१ मीटर. नागाळा पार्कात किंवा ताराबाई पार्कात हे खपून जातं. पण सणासुदीला महाद्वार रोडकडे वळलं, किंवा मंगळवार पेठेतल्या गल्लीत समोरून रिक्षा आली, की काच खाली करून आरशाजवळची बोटभर जागा न्याहाळत पुढे सरकावं लागतं. मागचं दार वर न उघडता बाजूला उघडतं आणि त्यावर पूर्ण आकाराची स्टेपनी टांगलेली असते. भिंतीला पाठ लावून गाडी लावली, तर सामान काढायला ती पुन्हा पुढे घ्यावी लागते. चार दिवसांत मालक तोंड आत घालून गाडी लावायला शिकतो.

चढ-उताराची सवय मात्र लवकर होते. एअर सस्पेन्शन असेल तर गाडी थांबल्यावर ५० मिलिमीटर खाली बसते, त्यामुळे आजी-आजोबांना चढणं सोपं जातं. खडबडीत वाटेवर तीच नेहमीपेक्षा ७५ मिलिमीटर वर उचलता येते. कागल-सातारा महामार्गावर ती लांबच्या प्रवासाची आरामशीर मोटार असते. जुन्या डिफेंडरचा खडखडाट, गळणारी दारं, गुडघ्यात येणारं स्टिअरिंग यातलं काही उरलेलं नाही. शिडीसारख्या चासीवर वेगळी बॉडी बसवण्याची जुनी पद्धत सोडून नवी गाडी अ‍ॅल्युमिनियमच्या एकसंध सांगाड्यावर बांधली आहे, हे त्याचं मुख्य कारण.

जून उजाडला की गाडीची खरी ओळख होऊ लागते. कोल्हापूर जिल्ह्याच्या मातीचे ढोबळ दोन भाग पडतात. पूर्वेला शिरोळ-हातकणंगल्याकडे काळं चिकण रान, पश्चिमेला शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, चंदगडकडे तांबडी माती आणि जांभ्याचे सडे. ऑफ-रोड गाडीची परीक्षा या दोन्हीकडे अगदी वेगवेगळी होते.

काळ्या रानातल्या पाणंदीत गाडी रुतते कशी, ते समजून घेण्यासारखं आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन चाकांमध्ये डिफरन्शियल असतं. ते दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतं. रस्त्यावर हे वरदान, चिखलात शाप. एक चाक निसरड्यात आलं की ते गरागरा फिरतं आणि पक्क्या जमिनीवरच्या चाकाला ताकदच मिळत नाही. डिफेंडरमध्ये चारही चाकांना सतत ताकद जाते. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं डिफरन्शियल लॉक होतं, काही गाड्यांत मागचंही होतं, आणि घसरणारं चाक संगणक ब्रेक लावून आवरतो. जोडीला ‘लो रेंज’ असते. तिच्यात गाडीचा वेग जवळपास तिपटीने कमी होतो आणि चाकांवरचा जोर त्याच प्रमाणात वाढतो. स्क्रीनवर चिखल, वाळू, खडक, पाणी अशा वाटा निवडायची सोय आहे. निवड केली की अ‍ॅक्सिलरेटर किती तिखट, गिअर कधी बदलायचा, चाक किती घसरू द्यायचं हे गाडी ठरवते.

एवढं असूनही ती अडकते, कारण जमिनीला टेकतात ते टायर. शोरूममधून येणारे टायर बहुतेक वेळा रस्त्याचे असतात. काळी माती ओली झाली की त्यांच्या खाचा दोन-चार फेऱ्यांतच भरतात आणि नवाकोरा टायर गोटा होतो. मग सव्वादोन टनांच्या आसपासचं वजन गाडीला खाली दाबत राहतं आणि इंजिनाचा टॉर्क चाकाखाली खड्डा खणत राहतो. वाफसा आल्याशिवाय रानात औत घालू नये, हे शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. तोच हिशोब इथे लागू आहे: पावसानंतर दोन दिवस ऊन पडू दिलं, की जी पाणंद परवा अशक्य होती ती लो रेंजमध्ये सहज पार होते.

पश्चिमेकडे प्रकार वेगळा. जांभा खरखरीत, पाय न घसरणारा दगड. पण जुलैत त्यावर शेवाळ चढतं आणि उतारावर ब्रेक दाबला की चाकं जागच्या जागी घसरतात. इथे ब्रेकवरून पाय काढून उतारनियंत्रण, म्हणजे ‘हिल डिसेंट’, चालू करावं लागतं. गाडी प्रत्येक चाकाला वेगवेगळा ब्रेक लावत मुंगीच्या पावलाने उतरते. ब्रेकवरचा पाय उचलायला मनाची तयारी लागते, आणि ती चार-पाच उतारांनंतरच होते.

गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा घाटाने कोकणात उतरताना मात्र डिफेंडरच्या अंगच्या बहुतेक गुणांचा उपयोग नसतो. तिथे लागतं धुक्यात दिसणं, वेग आवरणं आणि समोरून चढत्या एसटीला आधी वाट देणं. घाटात चढणाऱ्या वाहनाचा हक्क पहिला, असा नियमच आहे. ओल्या डांबरावर थांबायला चारही चाकांना ताकद असून काही फायदा होत नाही. चाकांची ताकद गाडीला पुढे नेते. थांबवण्याचं काम टायर आणि ब्रेकच करतात, आणि जड गाडीला थांबायला अंतर जास्त लागू शकतं.

आता पाणी. कोल्हापूरकरांशी या गाडीबद्दल बोलताना हा विषय टाळता येत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी. २०१९ आणि २०२१च्या महापुरांत ती ५५ फुटांच्याही वर गेली आणि शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. डिफेंडरच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की ती ९०० मिलिमीटर, म्हणजे जवळपास कंबरभर पाण्यातून जाऊ शकते. हे खरं आहे. इंजिनाला हवा घेण्याचं तोंड उंचावर आहे, पाण्याची वाट निवडली की गाडी उंच होते, आणि ती किती पाण्यात उभी आहे हे आरशांतले सेन्सर सांगतात. पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक हलकेच घासून ते कोरडेही केले जातात.

पण हा आकडा संथ पाण्याचा आणि माहीत असलेल्या तळाचा आहे. पुराचं पाणी वाहतं असतं. गाडीच्या तळाचं क्षेत्रफळ ८ ते ९ चौरस मीटर धरलं, तर तळाच्या वर चढणारं प्रत्येक १० सेंटिमीटर पाणी ८०० ते ९०० किलो वजन उचलून धरतं. आत पाणी शिरलं नाही, तर तळाच्या वर २५-३० सेंटिमीटरलाच गाडी तरंगू लागते. चाकं जमीन सोडतात आणि पुढे ती प्रवाह नेईल तिकडे जाते. सेन्सर गाडीखालचं पाणी सांगतात, पण दहा फुटांपुढे रस्ता वाहून गेलाय की नाही हे सांगत नाहीत. पाणी इंजिनात शिरलं तर सिलिंडरमध्ये दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केल्यामुळे झालेलं नुकसान साध्या विम्यात सहसा मिळत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं कवच घ्यावं लागतं. म्हणून पोलिसांनी पुलावर बॅरिकेड लावलं असेल, तर डिफेंडरवाल्यानेही मुकाट्याने गाडी वळवावी. तिच्या भरवशावर पुढे जाणारा माणूस स्वतःबरोबर त्याला काढायला येणाऱ्या बचाव पथकाचाही जीव धोक्यात घालतो.

दुसरी मर्यादा कायद्याची आहे, आणि ती तितकीच मनापासून पाळायला हवी. राधानगरी अभयारण्य २०१२पासून जागतिक वारशातल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. गव्यांच्या या जंगलात वाट सोडून गाडी घालणं हा गुन्हा आहे. पठारावरची पावसाळी फुलं तर मातीच्या पातळ थरावर उगवतात. दोन टनांची गाडी एकदा गेली की चाकोरीत पुढचे कित्येक हंगाम काही उगवत नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर गाडी नेण्यास बंदी आहे. कोकणातही भरतीच्या वेळी वाळूत रुतलेल्या महागड्या गाड्यांच्या बातम्या दरवर्षी येतात, आणि खारं पाणी तळाच्या जोडांमध्ये कायमचा गंज मागे ठेवून जातं.

मग एवढ्या पैशांत हिचं करायचं काय? थेट उत्तर असं, की नुसतं चिखलातून जायचं असेल तर लो रेंज असलेली नाशिकची महिंद्रा थार किंवा पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा हे काम कितीतरी कमी पैशांत करते, ओरखडा पडला तर जीव कमी जळतो, आणि अरुंद पाणंदीत थार जास्त सोयीची ठरते. डिफेंडर निराळं काही देते. सकाळी कोल्हापुरातून सहा जण घेऊन निघावं, महामार्गावर कुणाची पाठ न दुखता पुढे जावं आणि दुपारी राधानगरीपलीकडच्या वाडीवरच्या तांबड्या चढावर तीच गाडी तशीच चढावी. हे दोन्ही वर्षातून अनेकदा लागणारा मालक समाधानी असतो. ज्याला फक्त दारात उभी करायची आहे, त्याने रुंदीचा, टायरच्या किमतीचा आणि अधिकृत सर्व्हिस सेंटर आपल्यापासून किती लांब आहे याचा विचार गाडी बुक करण्याआधी करावा.

घेतलीच, तर पहिल्या पावसाआधी एक दिवस प्रशिक्षणाला द्यावा आणि रानात एकट्याने न जाता दुसरी गाडी सोबत न्यावी. डिकीत ओढायचा जाड पट्टा, दोन शॅकल, फावडं आणि हवा भरायचा छोटा पंप असावा. टायरमधली हवा थोडी कमी केली की मऊ जमिनीवर पकड वाढते, पण डांबरावर येताच ती पुन्हा भरावी लागते. ट्रेलरच्या गोळ्याला पट्टा बांधून झटका देऊ नये. गोळा तुटला तर गोळीसारखा उडतो. ओढण्यासाठीचे खास हुक गाडीला पुढे-मागे दिलेले असतात, काहींवर झाकण असतं. ते कुठे आहेत आणि कसे उघडतात, हे दारातच, कोरड्या जमिनीवर, हात लावून पाहून ठेवावं.