शून्यांतून कोणीच निघत नाहीं

सत्कारसमारंभांत वक्ते सत्कारमूर्तीच्या पूर्वस्थितीविषयीं बोलूं लागले, कीं दोन वाक्यें हटकून ऐकूं येतात. ‘यांनीं शून्यांतून विश्व निर्माण केलें’ हें एक, आणि ‘हे अठराविश्वे दारिद्र्यांतून वर आले’ हें दुसरें. बोलणाराचा हेतु गौरवाचाच असतो. परंतु हे शब्द खरे आहेत काय, आणि सभेंत बसलेल्या आईबापांना ते कसे लागत असतील, याचा विचार क्वचितच होतो.

पुण्याहून सोलापूर रस्त्यानें पूर्वेस गेलें, कीं लोणी काळभोर लागतें. समजा, तेथील एका शेतमजुराची मुलगी डॉक्टर झाली आणि गांवानें तिचा सत्कार केला. ‘वर आली’ असें म्हणतांच तिचें घर खालीं ठरतें; आणि त्या घरचीं माणसें तर पहिल्याच रांगेंत बसलेलीं असतात. ‘शून्यांतून’ म्हटलें, तर पहाटे उठून दुसऱ्याच्या रानांत खुरपणीला जाणारी तिची आई त्या शून्यांत जमा होते.

सुखवस्तु माणसालाही हा शब्द लागू पडत नाहीं. त्याच गांवचा बागाईतदार ‘सारें माझ्या मनगटाच्या जोरावर’ असें म्हणेल. त्याच्या मेहनतीविषयीं शंका नाहीं. परंतु त्या बाजूच्या उसाला पाणी येतें तें मुठेच्या उजव्या कालव्याचें. खडकवासल्याचें मूळ धरण १८७९ च्या सुमारास पुरें झालें, आणि १९६१ च्या पुरांत फुटल्यावर तें पुन्हां उभारावें लागलें. तेथें राबलेल्या हातांचाही त्या उसांत वांटा आहे.

मराठींत या स्थितीसाठीं नेमके शब्द पुष्कळ आहेत. ‘बेताची परिस्थिति’ म्हणजे गरजा भागतात, शिल्लक उरत नाहीं. ‘हातावर पोट’ म्हणजे आज काम मिळालें तर आजची चूल पेटते. ‘हातातोंडाशीं गाठ’ म्हणजे मिळतें तेवढें जेमतेम पुरतें. ‘चंद्रमौळी’ हें मूळ शंकराचें नांव. छपरांतून चंद्र दिसावा अशा झोपडीलाही तेंच मिळालें. ‘अठराविश्वे’चा हिशोब अठरा विसा, म्हणजे ३६० असा सांगतात, वर्षाचे सारे दिवस टंचाईचे. तेव्हां ज्या घरीं दोन वेळ जेवण होतें, त्याला हा शब्द लावणें हें निव्वळ अज्ञान होय. ‘स्वकष्टार्जित’ हा शब्द कायद्यांत वडिलोपार्जिताहून वेगळी मिळकत दाखवितो. कोणाचीच मदत नव्हती, असा त्याचा अर्थ नव्हे.

कांहीं जुने शब्द तर उपकारकर्त्यांची आठवणच ठेवतात. ‘वार लावून शिकला’ म्हणतांच आठवड्याचे सात दिवस जेवूं घालणारीं घरें डोळ्यांपुढें येतात. अर्थात् हा आधार सर्व जातींच्या मुलांना नव्हता. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९२४ मध्यें साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठीं वसतिगृह काढलें. ‘कमवा आणि शिका’ हें त्यांचें ब्रीद. त्यांत दयेची भाषा नाहीं. मुलगा काय करीत शिकला, एवढेंच त्यांतून कळतें.

गोपाळ कृष्ण गोखले यांचें उदाहरण या बाबतींत बोलकें आहे. वडील वारल्यावर त्यांचे थोरले बंधु गोविंदराव यांनीं शिक्षण सोडून दरमहा १५ रुपयांची नोकरी पत्करली. त्यांतले ८ रुपये ते धाकट्या भावाला कोल्हापुरास शिकण्यासाठीं पाठवीत. उरलेल्या ७ रुपयांत घर चाले. पुढें १८८४ मध्यें गोखले बी. ए. झाले. त्यांच्या चरित्राला ‘शून्यांतून’ असा आरंभ दिला, तर ते ८ रुपये पुसले जातात, आणि ज्यानें स्वतःचें शिक्षण टाकलें तो भाऊही पुसला जातो.

म्हणून परिचय करून देणारानें तीन गोष्टी विचारून घ्याव्या: घरीं काय होतें, काय नव्हतें, आणि उणें कोणीं भरून काढलें. लोणीच्या त्या मुलीविषयीं मग असें सांगतां येईल: ‘हिच्या घरची स्थिति बेताची. आईच्या खुरपणीच्या मजुरीवर शाळा झाली, थोरल्या भावाच्या पगारावर वैद्यकीचें शिक्षण झालें, आणि रात्रीचा अभ्यास हिनें स्वतः केला.’ या दोन वाक्यांना वेळ थोडाच लागतो. तें ऐकून आईला मान खालीं घालावी लागणार नाहीं, आणि मुलीच्या कष्टाचें मोलही कमी होणार नाहीं.