फुली-गोळ्याचं गणित: गिटारचे टॅब आणि कॉर्ड्स वाचताना

तुमच्या घरी कुणी गाणं शिकलं असेल, तर भातखंडे पद्धतीने स्वरलिपी लिहिलेली एखादी वही तुम्ही नक्की पाहिली असेल. माझ्या आईची अशी वही सांगलीच्या घरी अजून आहे. त्या वहीत सुरांच्या ओळींखाली मधूनमधून फुल्या आणि शून्यं दिसतात. फुली म्हणजे सम, तालातली सगळ्यात महत्त्वाची मात्रा. शून्य म्हणजे खाली, तिथे टाळी द्यायची नाही.

गेल्या जुलैत, मेलबर्नच्या ऐन थंडीत, मी इथल्या एका ऑप शॉपमधून जुनी गिटार घरी आणली. बरोबर कॉर्ड्सचा एक तक्ता होता. त्यातही फुल्या आणि शून्यंच! पण इथे अर्थ उलटा. शून्य म्हणजे ती तार मोकळी वाजवायची आणि फुली म्हणजे त्या तारेला आवाजच करू द्यायचा नाही. पहिले दोन दिवस मी फुलीवाली तारच जोरात छेडत होतो.

हेतू साधा होता. आई भूप रागातलं एक भजन गाते आणि तिला साथ करायची होती. व्हिडिओ कॉलवर ते जमत नाही. आवाज पोहोचायला लागणाऱ्या वेळात ताल मोडतो. म्हणून आई गाऊन रेकॉर्डिंग पाठवते आणि वहीच्या पानाचा फोटोही. पुढचं काम माझं. तुम्हीही परदेशात बसून असंच काही सुरू करायच्या विचारात असाल, तर मला जे सहा महिन्यांत उमगलं ते तुम्हाला एका बैठकीत मिळावं, म्हणून हा लेख.

टॅब म्हणजे काय?

टॅबमध्ये सहा आडव्या रेघा असतात. प्रत्येक रेघ म्हणजे एक तार. सगळ्यात वरची रेघ ही सगळ्यात बारीक तार. हे उलटं वाटतं, कारण गिटार हातात धरली की बारीक तार जमिनीकडे असते. पण गिटार मांडीवर उताणी ठेवून बघा. बारीक तार तुमच्यापासून लांब जाते, म्हणजे कागदाच्या वरच्या बाजूला. रेघेवरचा आकडा म्हणजे कितवा फ्रेट दाबायचा ते. फ्रेट म्हणजे सतारीला पडदे असतात तशा धातूच्या आडव्या पट्ट्या. बोट पट्टीवर नाही, तिच्या किंचित अलीकडे ठेवायचं. वाचायचं डावीकडून उजवीकडे, आणि एकाखाली एक असलेले आकडे एकदम वाजवायचे.

ही पद्धत इंटरनेटच्या फार आधीची. व्हेनिसमध्ये पेत्रुचीने १५०७ साली ल्यूट या वाद्याचे टॅब छापले होते. त्या इटालियन टॅबमध्ये बारीक तार सगळ्यात खालच्या रेघेवर असे. म्हणजे ‘वर काय, खाली काय’ हा गोंधळ पाचशे वर्षांचा आहे. तुम्ही एकटे नाही!

पण मग सरळ सूरच का लिहीत नाहीत?

हार्मोनियमवर एका सुराला एकच पट्टी असते. गिटारवर तसं नाही. सगळ्यात बारीक तार मोकळी छेडली की सेकंदाला सुमारे ३३० कंपनं होतात. हाच सूर दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर मिळतो, तिसऱ्या तारेच्या नवव्या, चौथ्या तारेच्या चौदाव्या आणि पाचव्या तारेच्या एकोणिसाव्या फ्रेटवरही. एक सूर, पाच जागा! नुसतं सुराचं नाव लिहिलं तर नवशिक्याने बोट ठेवायचं कुठे? टॅब नेमकं तेवढंच सांगतो.

या जागा ठरतात कशा, हे बघायला शिवणकामाची टेप घ्या. माझ्या गिटारच्या तारेची नटपासून घोडीपर्यंतची लांबी ६५० मिलिमीटर आहे. पाचवा फ्रेट नटपासून १६३ मिलिमीटरवर येतो, म्हणजे जवळपास तीन चतुर्थांश तार उरते. तो मध्यम. सातवा २१६ वर, दोन तृतीयांश तार उरते. तो पंचम. बारावा बरोबर ३२५ वर, निम्मी तार. तो तार षड्ज. दर फ्रेटला कंपनसंख्या ५.९५ टक्क्यांनी वाढते. हे चक्रवाढ व्याज आहे, म्हणून बारा हप्त्यांत मुद्दल बरोबर दुप्पट होतं. आणि म्हणूनच फ्रेट्स पुढे पुढे जवळ येत जातात.

गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली ल्यूटवादक होते. त्यांनी १५८१ च्या ग्रंथात सोपा ठोकताळा दिला होता: उरलेल्या तारेचा अठरावा भाग मोजा आणि तिथे फ्रेट बसवा. बारा वेळा हे केलं की तारेचा ०.५०४ भाग उरतो. निम्म्याच्या किती जवळ!

कॉर्ड म्हणजे तीनच सूर

कॉर्डच्या तक्त्यात गिटार तुमच्यासमोर उभी असते. डावीकडे जाड तार, उजवीकडे बारीक. ‘जी’ कॉर्ड जाड तारेपासून लिहिली तर ३-२-०-०-०-३ अशी येते. बघताना वाटतं, केवढे सूर! पण ‘जी’ला षड्ज मानून एकेक तार छेडा: सा, ग, प, सा, ग, सा. तीनच सूर, सहा तारांवर वाटलेले.

आता ‘सी’ कॉर्ड घ्या. त्याच षड्जाच्या हिशेबाने तिच्यात म, ध, सा आहेत. ‘डी’मध्ये प, नी, रे. या तीन कॉर्ड्समध्ये शुद्ध सप्तकाचे सातही सूर आले. ‘तीन कॉर्ड्समध्ये शेकडो गाणी’ असं म्हणतात त्याचं गुपित एवढंच. पाठांतर करण्याआधी मला हे कुणी सांगितलं असतं, तर कितीतरी संध्याकाळी वाचल्या असत्या.

पट्टीचा प्रश्नही इथेच सुटतो. आई काळी चारमध्ये गाते. ‘जी’ म्हणजे पांढरी पाच, आणि तिच्या लगेच पुढची पट्टी काळी चार. म्हणून पहिल्या फ्रेटवर कॅपोचा चिमटा लावायचा आणि बोटं ‘जी’चीच ठेवायची. सगळी गिटार अर्ध्या सुराने वर जाते.

दोन्ही कागदांत काय नसतं

आईची वही आणि माझा टॅब शेजारी ठेवले तेव्हा गंमत लक्षात आली. भातखंड्यांच्या लिपीत सूर आहे, त्याचं सप्तक टिंबाने दाखवलंय, कोमल असेल तर खाली रेघ आहे, आणि मात्रा अगदी चोख मांडल्या आहेत. पण बोट कुठे ठेवायचं ते नाही. साध्या टॅबमध्ये बोटाची जागा आहे, पण बहुतेक वेळा सूर किती वेळ धरायचा ते नाही. दोन्हीही गाणं आधी ऐकलेल्या माणसासाठीच लिहिलेले आहेत. ऑस्ट्रेलियाचे विख्यात गिटारवादक टॉमी इमॅन्युएल स्वतःच सांगतात की त्यांना संगीताची लिपी वाचता येत नाही. ते सगळं कानाने शिकले.

म्हणून माझी विनंती: टॅब उघडण्याआधी गाणं दहा वेळा ऐका, हाताने ताल धरा. मग टॅबच्या वर पेन्सिलीने मात्रा लिहा आणि समेवर फुली मारा. आपली, वहीतली फुली.

आईचा गंधार

हे सगळं करून मी ‘जी’, ‘सी’, ‘डी’ वाजवत पहिलं रेकॉर्डिंग पाठवलं. आईचा निरोप आला, “अरे, भूपात मध्यम-निषाद कुठून आणलेस?” खरंच की! भूपाचे सूर सा, रे, ग, प, ध. ‘सी’मध्ये मध्यम आहे, ‘डी’मध्ये निषाद. तीन कॉर्ड्सची युक्ती इथे चालत नाही. ‘ई मायनर’मध्ये मात्र ध, सा, ग आहेत, तिघेही भूपातले. मी ‘जी’ आणि ‘ई मायनर’ एवढ्यावर भागवलं.

दुसरा निरोप: “आता राग बरोबर आहे. पण तुझा गंधार चढा लागतो.”

हे ऐकून मी कॅलक्युलेटर काढला. षड्ज २०० कंपनांचा धरला, तर तानपुऱ्याबरोबर जुळणारा गंधार पाच चतुर्थांश पटीने २५० वर येतो. फ्रेट्सच्या चक्रवाढ हिशेबाने तो २५२ वर येतो. पंचम दोन्हीकडे जवळजवळ सारखाच, ३०० आणि २९९.७. चूक माझ्या बोटांची नव्हती, फ्रेट्सच्या रचनेतच ती होती. हार्मोनियमवरचा जुना आक्षेपही हाच. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियम बंद केली, ती साधारण तीन दशकं, त्यामागच्या कारणांत हेही एक होतं. आणि भूपात गंधार तर वादी सूर! आईच्या कानाला तो खुपणारच.

उपाय कॉर्डच्या तक्त्यातच सापडला. ‘जी’मधले दोन्ही गंधार काढून टाकायचे: ३-×-०-०-३-३. पाचव्या तारेवर फुली, दुसऱ्या तारेवर मोकळ्या सुराऐवजी तिसरा फ्रेट. उरतात फक्त सा आणि प, जवळपास तानपुराच. ‘ई मायनर’ आई थांबते तेवढ्या जागांपुरती ठेवली.

तिसऱ्या रेकॉर्डिंगवर आईने काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी वहीच्या पुढच्या पानाचा फोटो आला.