जगात जर्मनी, परभणीत व्हायरस!

नवा मोबाइल घेतला की आपण आधी काय करतो? स्क्रीनगार्ड लावतो. नवी बाइक घेतली की? हार, नारळ आणि हँडलला लिंबू-मिरची. आणि कॉम्प्युटरवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम आली की? ‘नेक्स्ट, नेक्स्ट, आय ॲग्री, फिनिश!’ पुढचं पुढे. ‘नवीन आहे ना, मग व्हायरस कसा येईल?’ हे वाक्य मी पुण्यातल्या आमच्या चकाचक ऑफिसात ऐकलंय आणि परभणीत गांधी पार्कजवळच्या चहाच्या टपरीवरही. दोन्हीकडे तेवढ्याच कॉन्फिडन्सने!

मी मूळचा परभणीचा. त्यामुळे ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण लहानपणापासून अभिमानाने ऐकवत आलोय. गंमत बघा, १२ मे २०१७ ला ‘वॉनाक्राय’ नावाचा रॅन्समवेअर जगभर पसरला, तेव्हा जर्मनीतल्या रेल्वे स्टेशनांवरचे बोर्डही त्याच्या तावडीत सापडले होते. गाडीची वेळ दिसायची त्या जागी चक्क खंडणीची नोटीस! सुमारे दीडशे देश आणि दोन लाखांवर कॉम्प्युटर एका झटक्यात बेजार. आणि यातली खरी बोचणारी गोष्ट कोणती? ज्या भोकातून वॉनाक्राय शिरला, ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे दोन महिने आधी दिला होता. ज्यांनी तो घेतला ते सुटले. ‘नंतर बघू’ म्हणणारे अडकले.

जर्मनीत हे झालं, मग परभणी जिल्ह्यात का होणार नाही?

‘चालू तर हाय की!’

माझा चुलतभाऊ सेलूला सेवा केंद्र चालवतो. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, पीकविम्याचा फॉर्म, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, सगळं एका छताखाली. त्याच्या कॉम्प्युटरवर विंडोज १०. आणि डेस्कटॉपवर एक फोल्डर, नाव ‘न्यू फोल्डर (३)’. त्यात काय? आसपासच्या गावांतल्या लोकांची आधार कार्डं, पासबुकं, पॅन, सातबारे. सगळं स्कॅन केलेलं, काही वर्षांचं. ‘माणूस पुन्हा आला तर पुन्हा स्कॅन कशाला?’ हा दादाचा साधा हिशोब.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. जुलै २०१५ मध्ये आलेली ही सिस्टिम दहा वर्षं चालली. मी दादाला फोन केला. तो म्हणाला, “चालू तर हाय की! मग बदलायचं कामून?”

प्रश्न एकदम बरोबर आहे. सपोर्ट संपला म्हणून कॉम्प्युटर बंद पडत नाही. पण घराला भोक पडलं तर बुजवायला गवंडी येणार नाही. त्यातही एक मेख आहे. विंडोज ११ मध्ये बराचसा भाग विंडोज १० चाच आहे. त्यामुळे ११ साठी एखादा अपडेट निघाला, की चोर तो उघडून बघतात. काय दुरुस्त केलं? अच्छा, म्हणजे भोक इथं होतं! मग तेच भोक १० मध्ये उघडंच मिळतं. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा अपडेट्सची सोय ठेवली, पण त्यासाठी नाव नोंदवावं लागतं. आपोआप काही होत नाही, राव.

औषध पुण्यात सापडलं

व्हायरसचं औषध म्हटलं की आपण परदेशी नावं आठवतो. पण या धंद्यातला एक मोठा खेळाडू आपल्याच मातीतला. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलाश काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले. पुढे पुण्यात त्यांनी स्वतःचं रिपेअरिंग सुरू केलं, मग कॉम्प्युटर दुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीला येणाऱ्या बऱ्याच मशीन्सचा आजार एकच असायचा. व्हायरस! धाकटे भाऊ संजय तेव्हा पुण्यात कॉम्प्युटर सायन्स शिकत होते. त्यांनी त्या काळात धुमाकूळ घालणाऱ्या ‘मायकेलअँजेलो’ व्हायरसवर उतारा लिहिला. त्यातून पुढे ‘क्विक हील’ हा अँटिव्हायरस आला. २००७ मध्ये कंपनीने तेच नाव घेतलं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचे शेअर बाजारात आले.

हा मायकेलअँजेलो मोठा नमुना होता. फ्लॉपीतून यायचा, डिस्कच्या अगदी पहिल्या भागात, म्हणजे बूट सेक्टरमध्ये दडून बसायचा. वर्षभर शांत. ६ मार्च उजाडला, म्हणजे त्या इटालियन कलाकाराचा वाढदिवस आला, की डेटा उडवायचा. आजच्या मशीनवर त्याची डाळ शिजणार नाही. फ्लॉपीच कुठाय? पण दडून बसायची युक्ती मात्र मेलेली नाही.

नवं घर, नवी कुलूपं

प्रत्येक नवी सिस्टिम जुन्या चोरांसाठी एक दरवाजा बंद करते. जानेवारी २००७ मध्ये बाजारात आलेल्या व्हिस्टाने दर दोन मिनिटांनी ‘परवानगी देऊ का?’ विचारायला सुरुवात केली. लोक इतके वैतागले की न वाचता ‘यस’ दाबायला शिकले! आठवतंय, पेनड्राइव्ह लावला की फोल्डरसारखा दिसणारा ‘न्यू फोल्डर डॉट ईएक्सई’ यायचा? पेनड्राइव्ह लावताच प्रोग्रॅम आपोआप सुरू व्हायची सवय विंडोज ७ ने मोडली, आणि २०११ मध्ये जुन्या एक्सपी-व्हिस्टासाठीही तसा अपडेट आला. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, डिफेंडर हा पूर्ण अँटिव्हायरस सिस्टिमच्या पोटातच यायला लागला. तोही फुकट.

ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ने तर अटच घातली. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी, सिक्युअर बूटची सोय हवी. सिक्युअर बूट म्हणजे मशीन सुरू होताना दारावरचा वॉचमन. ओळखपत्र नसलेल्या प्रोग्रॅमला आत प्रवेश नाही. मायकेलअँजेलोच्या खानदानाला याने चाप बसला.

मग विषय संपला? नाही! मार्च २०२३ मध्ये ‘ब्लॅकलोटस’ उघडकीला आला. अपडेट केलेल्या विंडोज ११ वरसुद्धा सिक्युअर बूटला चकवून आत शिरणारा. त्याने एक जुना, सही-शिक्का असलेला पण दोष असलेला भाग वापरला. म्हणजे वॉचमनला खरंच ओळखपत्र दाखवलं, फक्त ते जुनं होतं!

मॅकवाल्यांनीही हसू नये. २०१२ मध्ये ‘फ्लॅशबॅक’ने सुमारे सहा लाख मॅक धरले होते.

प्रेमपत्र ते लग्नपत्रिका

कुलूप कितीही भारी असू द्या, आतून कडी काढणारे आपणच असलो तर? ४ मे २००० ला जगभरातल्या इनबॉक्समध्ये ‘आय लव्ह यू’ असा ईमेल आला. सोबत प्रेमपत्राची फाइल. नावाच्या शेवटी ‘टीएक्सटी’ दिसत होतं, खरं शेपूट ‘व्हीबीएस’ होतं. विंडोज ते शेपूट लपवून ठेवत असे. प्रेमपत्र कोण उघडणार नाही? लाखो लोकांनी उघडलं.

आता प्रेमपत्र जुनं झालं. आता व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका येते! किंवा आरटीओचं चलन, किंवा ‘पीएम किसान’ची यादी. फाइलचं शेपूट ‘एपीके’. म्हणजे ती पत्रिका नव्हे, ॲप आहे. ते टाकलं की एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आणि मग बँकेचा ओटीपी तुमच्याआधी चोराला कळतो. सेलू-जिंतूर-मानवत पट्ट्यात कोणी ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ हा शब्द उच्चारत नसेल, पण खिशात अँड्रॉइड प्रत्येकाच्या आहे. कापूस-सोयाबीनचे पैसे त्याच फोनशी जोडलेल्या खात्यात येतात.

आणि आपण ऑफिसवाले? आपल्यासाठी स्पेशल मेनू आहे. एखादी साइट उघडते, ‘मी रोबो नाही’ सिद्ध करा म्हणते. त्यासाठी विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. झालं! रोबो नसल्याचं सिद्ध करताना तुम्ही स्वतःच्या हाताने चोराची कमांड चालवली. अशा वाटांनी ‘लुमा’सारखे पासवर्ड चोर शिरतात. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि तपास यंत्रणांनी लुमाचं जाळं तोडलं, तेव्हा आधीच्या दोन महिन्यांत त्याने जगात ३ लाख ९४ हजार विंडोज कॉम्प्युटर धरल्याचं दिसलं. यात नव्या-जुन्या सिस्टिमचा भेदभाव नाही.

मग विकतचा अँटिव्हायरस घ्यायचा का?

पार्टीत मला हमखास विचारला जाणारा प्रश्न. माझं उत्तर असं. घरी एकच मशीन आहे, सिस्टिम ओरिजिनल आहे, अपडेट चालू आहेत, तर आतला डिफेंडर चांगलं काम करतो. घरात मुलं, आई-बाबा, चार-पाच डिव्हाइस, बँकिंग, फोनवर मदत करणारं कोणी हवं, तर विकतचा घ्या. पण एकच! दोन विकतचे पहारेकरी एका दारावर ठेवले की ते एकमेकांवरच संशय घेतात आणि मशीन रडायला लागतं. लॅपटॉपबरोबर आलेला ट्रायल संपला असेल, तर ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून सध्या पहाऱ्यावर कोण आहे ते बघा.

पहारेकऱ्याला घराच्या सगळ्या चाव्या द्याव्या लागतात, हेही विसरू नका. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचा एक चुकीचा अपडेट सुटला आणि जगात ८५ लाख विंडोज मशीन निळी पडली. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. व्हायरस एकही नव्हता!

पण म्हणून पहारा काढायचा नसतो. पुण्यात ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेच्या सिस्टिममध्ये मालवेअर घुसवून अवघ्या तीन दिवसांत ९४ कोटी ४२ लाख रुपये उडवले गेले. त्याआधी जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’मुळे जेएनपीटीतल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं होतं. हे आपल्याच राज्यात, आपल्याच डोळ्यांसमोर.

सेलूत काय झालं?

सुट्टीत घरी गेलो तेव्हा दादाच्या मशीनसमोर बसलो. डिफेंडर बंद. “हे कोणी बंद केलं?” तो म्हणाला, “फॉरमॅट मारणाऱ्यानं. तो म्हणला, हे चालू असलं तर विंडोज ॲक्टिव्हेट होत नाही.”

बसा! फुकटातला ‘ॲक्टिव्हेटर’ चालावा म्हणून पहारेकऱ्याला घरी पाठवलं होतं. अशा ॲक्टिव्हेटरमधून काय काय आत आलं असेल, ते सांगायला कोणी नाही. आणि बाजूलाच ‘न्यू फोल्डर (३)’. ती कागदपत्रं दादाची नव्हती. ज्यांची होती, त्यांना ती तिथे आहेत हेही माहीत नव्हतं.

मशीन विंडोज ११ च्या अटीत बसत नव्हतं. थंब मशीनचा ड्रायव्हर विंडोजचाच, त्यामुळे सेंटरसाठी लिनक्सही नको. शेवटी दादाने हप्त्यावर नवा सीपीयू घेतला, ओरिजिनल विंडोज ११ सह. सगळे पासवर्ड माझ्या लॅपटॉपवरून बदलले. जुन्या मशीनची डिस्क पूर्ण पुसून त्यावर लिनक्स टाकलं, आता त्यावर पुतणी टायपिंग शिकते. आणि फोल्डर? तो उडवला. कारण जे तुमच्याकडे नाहीच, ते कुठलाही व्हायरस चोरू शकत नाही. हे काम जगातला कुठलाही अँटिव्हायरस करून देत नाही.

आता दादा काम झालं की गिऱ्हाइकासमोरच स्कॅन डिलीट करतो आणि तसं सांगतोही. एका काकांनी त्याला लगेच विचारलं, “मंग आजवर कुठं ठेवत होतास रे?” दादा काही बोलला नाही. त्याने त्यांना पाणी दिलं आणि सातबाऱ्याची प्रिंट काढली.

या वीकेंडला एवढं कराच!

१. अपडेटला ‘रिमाइंड मी लेटर’ म्हणू नका. रात्री लावा, सकाळी चहाबरोबर रीस्टार्ट.

२. फाइलची शेपटं दिसू द्या. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर टिक करा.

३. क्रॅक आणि ॲक्टिव्हेटर नकोच. पैसे वाचवायचेत? लिनक्स फुकट आणि कायदेशीर आहे.

४. महत्त्वाच्या फाइल्सचा बॅकअप वेगळ्या ड्राइव्हवर घ्या आणि ड्राइव्ह काढून ठेवा. लावून ठेवलेला बॅकअप रॅन्समवेअरलाही दिसतो!

५. व्हॉट्सॲपवर आलेलं एपीके, मग पाठवणारा सख्खा मामा असला तरी, टाकू नका. मामाला फोन करा.

६. संशय आला तर सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’वर क्विक हील, ई-स्कॅन, के-७ यांसारख्या भारतीय कंपन्यांची सफाई टूल्स फुकट मिळतात. २०१७ पासून ही सोय आहे.

७. पैसे गेलेच, तर लाजत बसू नका. लगेच १९३० ला फोन लावा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.

आणि हो, गावाकडे फोन कराल तेव्हा ‘पाऊस कसाय?’ विचारून झाल्यावर ‘अपडेट केलं का?’ हेही विचारा.