कादंबरीचे घटक आणि निवेदकाचे स्थान

कादंबरीच्या विश्लेषणात कथानक, पात्रचित्रण, वातावरण, निवेदन व भाषा या घटकांचा स्वतंत्रपणे परामर्श घेण्याची पद्धत रूढ आहे. अध्यापनाच्या सोयीसाठी ही विभागणी उपयुक्त ठरते. परंतु तीच साहित्यकृतीची रचना मानली गेली, की विश्लेषणाला यादीचे रूप येते. पात्रे व घटना नोंदवून झाल्यावरही कृतीला तिचा अर्थ कशामुळे प्राप्त झाला, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. त्याच्या उत्तराची वाट बहुधा निवेदकापासून सुरू होते.

ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये कथा आणि कथानक यांत भेद केला. कालक्रमाने मांडलेल्या घटना म्हणजे कथा. त्यांना कार्यकारणभावाने जोडले म्हणजे कथानक. मात्र हा कार्यकारणभाव वाचकापर्यंत निवेदनातूनच पोचतो. म्हणूनच जेरार जेनेत यांनी १९७२ मध्ये 'कोण बोलते' आणि 'कोण पाहते' हे प्रश्न वेगळे केले, त्याला महत्त्व आहे. निवेदक एकच असला तरी त्याच्या ठायी बोलणारी व पाहणारी जाणीव भिन्न असू शकते.

हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक'मधून क्रमशः प्रसिद्ध झाली. तीत बालपण पाहते ती अजाण यमू; ते सांगते ती वैधव्य आणि केशवपन भोगलेली यमुना. या अंतरामुळे घरातील साध्या प्रसंगांवरही पुढील दुःखाची छाया पडते. हेच घटित एखाद्या सर्वज्ञ निवेदकाने सांगितले असते, तर त्याला सुधारणेच्या प्रतिपादनाचे रूप येण्याचा संभव होता. लेखक पुरुष आणि निवेदक स्त्री असल्याने, लेखक व निवेदक एक मानण्याची चूकही येथे सहज उघड होते.

विश्राम बेडेकर यांच्या 'रणांगण' (१९३९) मध्ये युरोपहून मुंबईकडे येणारी बोट हे वातावरण आहे. परंतु हॅर्टा ही ज्यू निर्वासित तरुणी वाचकाला प्रामुख्याने चक्रधरच्या नजरेतून दिसते. तिचा स्वतःचा स्वर सलगपणे ऐकू येतो तो अखेरच्या पत्रांत, म्हणजे चक्रधरला काही करता येण्याची वेळ टळल्यावर. पात्रचित्रण आणि शोकात्मता येथे निवेदनाच्या या व्यवस्थेतूनच सिद्ध होतात.

भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' (१९६३) ला केवळ कथानकाचा निकष लावल्यास ती विस्कळीत वाटेल. पांडुरंग सांगवीकर आपल्या वाया गेलेल्या वर्षांचा हिशेब मांडतो आहे, हे ध्यानात घेतले की तो विस्कळीतपणाच आशयाचा भाग ठरतो. मनीच्या मृत्यूच्या प्रसंगी त्याची उपरोधाची ढाल अपुरी पडते. ते भाषेत जाणवते. घटनांच्या यादीत नव्हे.

या तिन्ही कादंबऱ्यांचे निवेदन प्रथमपुरुषी आहे, एवढीच नोंद म्हणूनच पुरेशी नाही. निवेदक केव्हा बोलतो, त्याला काय ठाऊक आहे आणि काय दिसत नाही, हे तपासले म्हणजे अन्य घटक परस्परांशी जोडले जातात. घटकांची ओळख ही विश्लेषणाची पूर्वतयारी होय. त्यांच्या संबंधांचा शोध हे प्रत्यक्ष विश्लेषण.