एकवीसच्या आकड्याची सद्दी

डोळ्यांच्या डॉक्टरांकडून बाहेर पडलेल्या माणसाला पनवेलमध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘प्रेशर किती आलं?’ सोळा-सतरा आलं असेल तर घरचे निर्धास्त होतात. तेवीस-चोवीस आलं तर त्या रात्री कुणाला धड झोप लागत नाही. काचबिंदूवर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जे संशोधन झालं ते चाळताना मला सर्वांत मोठी वाटते ती हीच गोष्ट, की या दोन्हींना आता आधार उरलेला नाही. निर्धास्त होण्यालाही नाही आणि झोप उडण्यालाही नाही.

डोळ्यातला दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. २१च्या वर गेला की धोका, ही रेघ १९५०च्या दशकात जर्मनीत हजारो लोकांचे दाब मोजून सरासरीवरून आखली गेली. एखादा डोळा सरासरीपासून किती लांब आहे एवढंच ती सांगत होती. आतली नस मरते आहे की जगते आहे, हे तिने कधी सांगितलंच नव्हतं. पण आकडा सुटसुटीत असतो. तो पाठ्यपुस्तकांत गेला, शिबिरांच्या कार्डांवर गेला आणि लोकांच्या तोंडी बसला.

आजार समजायला फार अवघड नाही. डोळ्यात पाण्यासारखा द्रव सतत तयार होतो आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या जाळीतून बाहेर जातो. मोरीची जाळी तुंबावी तशी ही वाट अडली की दाब चढतो आणि मागच्या नसेचे तंतू हळूहळू वाळत जातात. ‘डोळ्याची नस सुकली’ असं लोक म्हणतात ते अगदी बरोबर आहे. बहुतेकांना दुखत नाही, खुपत नाही. मधली नजर शेवटपर्यंत टिकते. त्यामुळे माणूस पेपर वाचतो, सुईत दोरा ओवतो, आणि उरण नाक्यावर बाजूने आलेली रिक्षा मात्र त्याला दिसत नाही.

आकड्याला पहिला मोठा धक्का अमेरिकेतून बसला. दाब २४ ते ३२ असलेली, पण नस शाबूत असलेली १,६३६ माणसं निवडून तिथे १९९४पासून एक दीर्घ अभ्यास चालला. २००२मध्ये पाच वर्षांचे निष्कर्ष आले. औषध न दिलेल्यांपैकी ९.५ टक्के लोकांना काचबिंदू झाला, थेंब घालणाऱ्यांपैकी ४.४ टक्के लोकांना. थेंबांनी धोका निम्म्यावर आला, म्हणून त्या निकालाचं स्वागत झालं आणि ते रास्तच होतं. पण त्याच आकड्यांची दुसरी बाजू मला जास्त बोलकी वाटते : दाब ‘वाढलेला’ असून औषधाविना राहिलेल्या दहांतल्या नऊ जणांना पाच वर्षांत काहीही झालं नव्हतं. त्याच माणसांचा वीस वर्षांचा हिशोब २०२१मध्ये मांडला गेला, तेव्हाही निम्म्याहून थोडे अधिक लोक काचबिंदूपासून दूरच होते.

मग उलट प्रकार? दाब नॉर्मल आणि तरी नस सुकते आहे, असे रुग्ण पूर्वी अपवाद म्हणून बाजूला ठेवले जात. १९९८मध्ये अशाच रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नॉर्मल असलेला दाबच आणखी ३० टक्क्यांनी उतरवला, आणि नजर बिघडत जाण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आलं. म्हणजे ‘नॉर्मल’ दाबसुद्धा त्या डोळ्यांना सोसत नव्हता. डॉक्टर आता ‘टार्गेट प्रेशर’ म्हणतात : या माणसाच्या या नसेला किती दाब झेपतो? ज्याचा त्याचा आकडा वेगळा.

या सगळ्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीचे योस्ट योनास यांनी २००६ ते २००९ या काळात नागपूरजवळच्या आठ खेड्यांतल्या तिशीपुढच्या ४,७११ लोकांचे डोळे तपासले. या खेड्यांत दाबाची सरासरी १३.६ निघाली. डोळ्याच्या दर्शनी पारदर्शक पडद्याची, कॉर्नियाची, जाडी सरासरी ५१४ मायक्रॉन भरली; युरोपीय डोळ्यांत ती साधारण ५४०च्या आसपास असते. हा फरक किरकोळ नाही. दाब मोजायचं यंत्र कॉर्नियावर टेकून मोजतं. कॉर्निया पातळ असेल तर ते खऱ्या दाबापेक्षा कमी दाखवतं. शिवाय अमेरिकेच्या त्या अभ्यासात पातळ कॉर्निया हा स्वतंत्र धोका म्हणूनही पुढे आला होता. तेव्हा ज्यांची सरासरीच साडेतेरा आहे, कॉर्निया पातळ आहे, त्यांना जर्मनीतली २१ची रेघ लावायची आणि अठराला ‘उत्तम’ म्हणायचं, हे कसं चालेल? कॉर्नियाची जाडी मोजायला मिनिटही लागत नाही. काचबिंदूचा संशय असलेल्या प्रत्येकाच्या फाइलमध्ये तो आकडा हवाच.

आमच्या मोठ्या काकू पनवेल तालुक्यातल्या एका गावात राहतात. उजव्या डोळ्याला अंधूक दिसू लागलं तेव्हा त्यांचा दाब मोजला गेला, तो नॉर्मल आला, ‘मोतीबिंदू आहे, पिकू द्या’ असं सांगण्यात आलं आणि दीड-दोन वर्षं गेली. मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं. पट्टी सुटली, आणि काकू म्हणाल्या, ‘उजेड वाढला रे, पण माणूस अर्धाच दिसतो.’ पुढे दुसरीकडे बाहुली मोठी करून नस पाहिली, तेव्हा उजव्या डोळ्याची बरीचशी नस सुकलेली होती आणि डाव्यातही सुरुवात झाली होती. पहिल्याच दिवशी कुणी नस पाहिली असती तर, हा विचार मला अजून छळतो.

फील्डच्या, म्हणजे बाजूची नजर किती शाबूत आहे ते पाहण्याच्या, तपासणीला मी त्यांच्यासोबत होतो. अंधारी खोली, एक डोळा झाकलेला, हनुवटी टेकवलेली, हातात बटण. पांढऱ्या घुमटात मिणमिणता ठिपका क्षणभर उमटतो. दिसला की बटण दाबायचं. ‘मावशी, दिवा शोधू नका, मधेच बघा,’ असं ती तंत्रज्ञ मुलगी मायेने पुन्हा पुन्हा सांगत होती. पण इतका वेळ काहीच न दिसल्यावर माणूस शोधणारच. शेवटी छापून आलेल्या कागदावर काळे-करडे चौकोन होते, आणि त्या काळ्याचा अर्थ काकूंना कुणी समजावून सांगावा लागला नाही.

फील्डवर डाग उमटेपर्यंत नसेतले पुष्कळ तंतू आधीच गेलेले असतात. ही उणीव भरून काढली ती ओसीटीने. १९९१मध्ये हे तंत्र पहिल्यांदा जगापुढे आलं आणि पुढच्या दोन दशकांत तालुक्याच्या गावापर्यंत पोचलं. नसेच्या तंतूंच्या थराची जाडी ते मायक्रॉनमध्ये मोजतं, रंगाची पट्टी देतं : हिरवं, पिवळं, लाल. इथे एक इशारा द्यायला हवा. मोठा मायनस नंबर असलेल्या डोळ्यात काचबिंदू नसतानाही कागद लाल येऊ शकतो. एका लाल कागदावरून आयुष्यभराचे थेंब सुरू होऊ नयेत आणि एका हिरव्या कागदावर निश्चिंतही होऊ नये. सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा काढून आधीच्याशी ताडून पाहण्यात ओसीटीचं खरं मोल आहे. म्हणून जुने कागद जपून ठेवा, दर वेळी फाइल सोबत न्या.

उपचारांचा इतिहास लांबचा आहे. मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयात रॉबर्ट एलियट यांनी १९०९च्या सुमारास डोळ्याला बारीक छिद्र पाडून द्रवाला नवी वाट करून देण्याची शस्त्रक्रिया सुरू केली आणि ती जगभर गेली. आजची ट्रॅबेक्युलेक्टॉमी १९६८ची. थेंबांमध्ये १९७८ला टिमोलॉल आलं, १९९६ला लॅटानोप्रॉस्ट. पण माझ्या मते या शतकातला रुग्णाच्या सर्वांत उपयोगाचा निकाल २०१९चा आहे. इंग्लंडमध्ये ७१८ नव्या रुग्णांपैकी निम्म्यांना आधी थेंब दिले, निम्म्यांना आधी एसएलटी नावाचं सौम्य लेझर. तीन वर्षांनी लेझर झालेल्यांपैकी ७४ टक्के लोकांचा दाब एकही थेंब न घालता आटोक्यात होता. सहा वर्षांनीही हे प्रमाण सुमारे ७० टक्के राहिलं. २०२२मध्ये तिथल्या आरोग्यव्यवस्थेने लेझर हा पहिला उपचार म्हणून सुचवला.

आपल्याकडे या निकालाचं मोल अधिक आहे, कारण थेंबांचा संसार खडतर असतो. लॅटानोप्रॉस्टची न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवायची असते. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरायचा, नाही तर औषध नाकावाटे रक्तात उतरतं. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं थांबायचं. दमा असलेल्या माणसाला टिमोलॉल घातक ठरू शकतं, तेव्हा दम्याचं न विचारताही सांगावं. आणि हे रोज, मरेपर्यंत, तेही ज्याने काही बरं झाल्याचं जाणवत नाही अशा औषधासाठी. बाटली संपली, पेन्शन व्हायची होती, आठवडा गेला. या आठवड्यांमध्येच नजर जाते. लेझरची यंत्रं अजून मोठ्या नेत्ररुग्णालयांपुरतीच आहेत, पण निदान ‘मला लेझर चालेल का?’ हा प्रश्न प्रत्येक नव्या रुग्णाने विचारायला हवा.

जाळीची वाट ज्यांच्यात अरुंद असते अशा, आशियात जास्त आढळणाऱ्या प्रकाराबद्दल दोन महत्त्वाचे अभ्यास झाले. २०१६मध्ये दिसलं की काही रुग्णांत नैसर्गिक भिंग काढून कृत्रिम बसवणं हे लेझरपेक्षा सरस ठरतं. चीनमधल्या ग्वांगझूच्या २०१९च्या अभ्यासाने सांगितलं की नुसती ही वाट अरुंद आहे म्हणून सरसकट प्रत्येकाला लेझर करण्याची गरज नाही.

धोक्यांच्या यादीत वय, घराणं, मोठा मायनस नंबर, पातळ कॉर्निया हे आहेतच. शीर्षासनाने डोळ्यातला दाब जवळजवळ दुप्पट होतो, हे चेन्नईच्या अभ्यासकांनी २००६मध्ये दाखवलं. काचबिंदूच्या रुग्णाने ते आसन सोडावं. ध्यानाने दाब काहीसा उतरल्याचं दिल्लीच्या एम्समधून २०१८ला प्रसिद्ध झालं, अर्थात थेंब चालू ठेवून. पण मला सर्वांत संताप येतो तो स्टेरॉइडच्या थेंबांचा. २०२३च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ आली. अशा वेळी मेडिकलमधून ‘डोळ्याचे थेंब द्या’ म्हणून घेतलेल्या बाटलीत स्टेरॉइड असू शकतं. लाली पटकन जाते, म्हणून तीच बाटली पुढच्या खाजेलाही वापरली जाते. डोळ्यांच्या ॲलर्जीने बेजार शाळकरी मुलं महिनोन्‌महिने असे थेंब घालतात आणि काहींचा दाब गुपचूप चढत राहतो. हा काचबिंदू पूर्णपणे टाळता येण्यासारखा आहे.

पनवेलपुरतं बोलायचं तर साधनांची आबाळ राहिलेली नाही. डॉ. सुहास हळदीपूरकर यांची लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट इथे उभी राहिली, नव्या पनवेलात शंकरा आय हॉस्पिटल आलं. २०१६ला महापालिका झाली, खारघर-कामोठ्याच्या इमारतींमधून निवृत्तीला आलेली पिढी वाढली. पण मालडुंगे-धोदाणीकडच्या वाड्यांवर डोळ्यांची तपासणी बऱ्याचदा शिबिरातूनच पोचते, आणि शिबिर मोतीबिंदू शोधायला निघालेलं असतं. त्यात चूक नाही. २०१५ ते २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधत्वात मोतीबिंदूचा वाटा ६६ टक्के होता, काचबिंदूचा साडेपाच. फरक इतकाच, की त्या ६६मधली नजर परत येते आणि साडेपाचमधली येत नाही. भारतात चाळिशीपुढचे सुमारे १ कोटी १२ लाख रुग्ण असावेत असा २०१०चा अंदाज आहे, आणि चेन्नईच्या पाहणीत सापडलेल्या दहांपैकी नऊहून अधिक जणांना आपल्याला हा आजार आहे हे ठाऊकच नव्हतं. बंगळुरूच्या रेमिडिओने फोनला जोडलेल्या कॅमेऱ्यावर इंटरनेटविना नसेचा फोटो तपासणारी एआय यंत्रणा बनवली आहे. तशी सोय शिबिरांत आली तर वाडीवरच्या माणसाचीही नस पाहिली जाईल.

जनुकांचं संशोधनही पुढे गेलं आहे : १९९७मध्ये पहिलं जनुक हाती लागलं, २०२१पर्यंत जनुकसंचातल्या १२७ जागा. पण तिथून रक्ताची स्वस्त चाचणी आपल्या दारात यायला अवकाश आहे. तोवर रॉटरडॅमच्या १९९८च्या अभ्यासाने दिलेला धडा पुरेसा आहे : रुग्णाच्या सख्ख्या भावंडांना आणि मुलांना हा आजार होण्याची शक्यता इतरांच्या साधारण नऊपट. काकूंच्या निदानानंतर आम्ही त्यांच्या दोन्ही भावांना तपासायला नेलं. थोरल्याचे डोळे ठीक आहेत. धाकट्याची नस संशयास्पद निघाली. त्याला तक्रार एकही नव्हती. अजून थेंब सुरू केलेले नाहीत. सहा महिन्यांनी ओसीटी, वर्षाने फील्ड, आणि दिवाळीत मुलगी सुट्टीला आली की तिचीही तपासणी, असं ठरलं आहे.