धुण्याआधीची दहा मिनिटं

सोफा धुण्याच्या धंद्याला भांडवल फार लागत नाही, आणि हीच त्याची अडचण आहे. पाणी फवारून परत ओढून घेणारं एक मशीन, एक कोरडा व्हॅक्यूम, दोन-तीन ब्रश, शॅम्पूचा कॅन आणि सामान मावेल अशी स्कूटर, एवढ्यावर ठाणे-डोंबिवलीत कोणीही उद्या सकाळी 'सोफा क्लीनिंग'चं कार्ड छापू शकतो. छापतातही. दर सीटवर ठरतो. गणपतीच्या आधी आणि दिवाळीच्या आधी फोन थांबत नाहीत, पितृपक्षात कोणी विचारत नाही. मीही असाच या धंद्यात शिरलो. आजही आम्ही दोघंच आहोत, मी आणि माझा मदतनीस. फरक एवढाच पडला आहे, की मशीन सुरू करण्याआधी आम्ही दहा मिनिटं सोफा नुसता तपासतो. घरातल्या काकू तोवर अस्वस्थ होतात. "अहो, सुरू कधी करणार?" हा प्रश्न ठरलेला.

तपासणी खालून सुरू होते. सोफा उलटा केला की तळाला पातळ काळं कापड पिना मारून ताणलेलं असतं. कोपऱ्यातल्या दोन पिना उचकटल्या की आतला सगळा संसार दिसतो: लाकूड आहे की प्लाय, बैठकीखाली रबरी पट्टे आहेत की गोणपाट, फोम अखंड आहे की तुकडे चिकटवलेला. माझा मदतनीस आधी उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात सोफे ठोकायचा, त्यामुळे त्याला हे बाहेरून दाबूनही कळतं. "दादा, यात गोणपाट आहे," एवढं तो म्हणाला की मी पाण्याचा हात आखडता घेतो. ताग जास्त भिजला की त्यातला तपकिरी रंग पाण्याबरोबर वर चढतो आणि सोफा वाळल्यावर फिक्या कापडावर चहा सांडल्यासारखे पट्टे उमटतात. हे दुसऱ्या दिवशी दिसतं, पैसे घेऊन आपण घरी गेल्यावर.

मग कापड. ब्रँडेड सोफ्याला कधी कधी आत लेबल असतं आणि त्यावर एक अक्षर: 'डब्ल्यू' म्हणजे पाण्याने धुवा, 'एस' म्हणजे फक्त सॉल्व्हंट, 'डब्ल्यूएस' म्हणजे दोन्ही चालेल, 'एक्स' म्हणजे व्हॅक्यूमखेरीज काही लावू नका. आपल्याकडचे बहुतेक सोफे कारागिराने घरी येऊन किंवा गाळ्यात बनवलेले असतात, त्यांना लेबल कुठून येणार? तिथे लायटर कामाला येतो. तळाशी दुमडलेल्या कापडातला एक धागा काढायचा, चिमट्यात धरून बाल्कनीत पेटवायचा. कागद जळल्यासारखा वास आणि मऊ राखाडी राख म्हणजे सुती, तागाचं किंवा विस्कोस. वितळून काळा कडक मणी झाला तर पॉलिस्टर. केस जळल्याचा वास आला तर लोकर किंवा रेशीम, मग आमच्या नेहमीच्या शॅम्पूचा कॅन बंदच राहतो. यात विस्कोस सगळ्यात फसवं. ओलं झालं की ते आपली जवळपास निम्मी ताकद गमावतं. मखमलीसारखी लव असलेलं विस्कोस ओलं असताना ब्रशने घासलं, तर ती लव कायमची बसते.

ही लायटरची परीक्षा मला सोफा-सफाई शिकवणाऱ्या एका कार्यशाळेत मिळाली. हंगामातल्या एका चांगल्या आठवड्याची कमाई तिच्या फीमध्ये गेली, आणि तेव्हा घरी ते कोणाला फारसं पटलं नव्हतं. सोफा धुवायला शिकायचं काय, असा सूर होता. अमेरिकेत मात्र या कामाची प्रमाणपत्रं देणारी आयआयसीआरसी ही संस्था १९७२ पासून आहे. तिच्याकडे गादी-कापडाच्या सफाईचा वेगळा अभ्यासक्रम आहे आणि एस-३०० नावाचं लिखित मानकही आहे. आपल्याकडे बहुतेक जण दुसऱ्याचं बघून शिकतात. हात त्यानेही बसतो. पण डाग का गेला हे कळत नाही, त्यामुळे पुढचा का जात नाही हेही कळत नाही.

कार्यशाळेतला सगळ्यात उपयोगी भाग आम्लाचा आणि अल्कलीचा. शॅम्पू बहुधा अल्कधर्मी असतो, तेल आणि घामाचा चिकटा तो छान सोडवतो. पण तो कापडात राहिला तर कापड चिकट होतं, धूळ लवकर धरतं आणि सुती कापड पिवळट-तपकिरी पडतं. म्हणून शेवटचा हात सौम्य आम्लाच्या पाण्याचा. चहाचा डागही आम्लाला वश होतो, अल्कलीने आणखी गडद होतो. दूध, अंडं, रक्त यांना गरम पाणी दाखवायचं नाही, ते शिजून धाग्यात बसतं.

आणि हळद. महाराष्ट्रातल्या सोफ्यावर हळदीचा डाग नसेल, तर त्या घरात कोणी जेवतच नसावं. वरणाचा थेंब पडला की घरचे पहिलं काम करतात ते साबण लावण्याचं, आणि पिवळा डाग लालभडक होतो. मग घाबरून आम्हाला फोन येतो. यात घाबरण्यासारखं काही नाही, हळदीला चुन्याची निवळी लावून कुंकू करायची जुनी रीत याच गुणावर चालते. आम्लाचं पाणी लावलं की डाग परत पिवळा होतो, म्हणजे आपण होतो तिथे येतो. त्यानंतर कापडाला चालत असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि उशी सुटी होत असेल तर ऊन. हळदीचा रंग उन्हात तुटतो. आजीने हळदीचं लुगडं दोरीवर उन्हात का टाकलं, याचं उत्तर मला कार्यशाळेत मिळालं.

प्रत्यक्ष धुणं यानंतर तसं साधं आहे. आधी कोरडा व्हॅक्यूम, आणि तो सावकाश. सोफ्यातली बरीचशी घाण ही कोरडी माती असते, ती ओली केली की चिखल. मग आतल्या बाजूला पांढरं फडकं दाबून रंग सुटतो का ते बघायचं, फवारा, पाच-सात मिनिटं थांबणं, हलका ब्रश, आणि शेवटी मशीन. नवा माणूस इथे फवाऱ्याचं बटण दाबूनच ठेवतो. एकदा पाणी सोडत हात ओढला, तर दोनदा बटण सोडून नुसतं खेचायचं, हा नियम. पाणी आत राहिलं की फोमला वास येतो, आणि वाळताना आतली घाण पाण्याबरोबर वर येऊन डाग पुन्हा दिसतो. डागापुरता गोल धुवायचा नाही, शिवणीपासून शिवणीपर्यंत सगळा भाग घ्यायचा, नाहीतर कडेला पाण्याची रेघ राहते. जुन्या इमारतीत पंधरा अँपिअरचा पॉइंट फक्त स्वयंपाकघरात असतो, तेव्हा लांब जाड वायर आपली आपण न्यावी. टाकीतलं काळं पाणी ओतण्याआधी ग्राहकाला दाखवावं. घासाघीस तिथेच संपते.

जुलै-ऑगस्टमध्ये मात्र मी सुती आणि जाड फोमचे सोफे शक्यतो पुढे ढकलतो. पंखा लावूनही ते दुसऱ्या दिवशीपर्यंत दमट राहतात आणि बुरशी धरतात. काम नाकारणं छोट्या धंद्याला परवडत नाही असं म्हणतात. माझा अनुभव उलट आहे. सगळ्यात जास्त भांडणं रेक्झिनवरून होतात. पॉलियुरेथेनचा मुलामा असलेलं नकली लेदर आमच्या दमट हवेत काही वर्षांत आपोआप सोलतं. सोलायला टेकलेल्या सोफ्यावर ओलं फडकं फिरवलं की पापुद्रे हातात येतात आणि दोष धुणाऱ्यावर येतो. आता मी नखाने कडेला तपासतो, फोटो काढतो, मालकांना दाखवतो आणि गरज पडली तर सांगतो, हा धुवून उपयोग नाही, कापड बदला. त्या दिवसाचे पैसे बुडतात. पण नंतर त्याच घरातून गाद्यांचं, पडद्यांचं काम येतं, शेजाऱ्यांचंही येतं. दर सीटला शंभर रुपये कमी सांगणारा माणूस त्याच सोसायटीत फिरत असतो, तरीही.

मदतनिसालाही मी कार्यशाळेला पाठवलं. तिथलं शिकवणं हिंदी-इंग्रजी मिसळून होतं, त्याने परत येऊन डागांची यादी मराठीत लिहिली आणि पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली. शेवटच्या ओळीत लिहिलंय: कळत नसेल तर हात लावू नये.

वाचकांना एवढंच सांगतो. सोफ्यावर काही सांडलं तर घासू नका, पांढऱ्या कोरड्या फडक्याने वरून दाबून टिपा आणि हळदीला साबण लावू नका. सफाईवाल्याला बोलवाल तेव्हा आधी काय काय लावून पाहिलं ते खरं सांगा, व्हिनेगर असो की टूथपेस्ट. आणि तो आल्या आल्या मशीन सुरू करायला लागला, तर त्याला थांबवून विचारा, हे कापड कोणतं आहे.