दिव्यांग विद्यार्थ्यांना दया नको, हक्काची सोय द्या!

मुक्त विद्यापीठ आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ या दोन्हींची मुख्यालये नाशिकमध्ये आहेत. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरची आणि शहरातल्या वस्त्यांमधली मुले-मुली मोठ्या आशेने येथील महाविद्यालयांत येतात. त्यांच्यातील दिव्यांग विद्यार्थ्यांच्या वाट्याला वर्गात काय येते? एक तर दया, नाही तर दुर्लक्ष!

कायदा मात्र हक्काची भाषा बोलतो. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते 21 केले. शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांतील आरक्षण 3 वरून 5 टक्के झाले. कलम 16 नुसार विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करणे हे शासनमान्य शिक्षणसंस्थेचे कर्तव्य आहे. अशी सोय नाकारणे म्हणजे भेदभाव, असे हाच कायदा सांगतो. भेदभाव कशाला म्हणतात, हे आमच्या वाचकांना सांगायला नको!

या 21 प्रकारांत सिकलसेल आहे, हे किती प्राध्यापकांना ठाऊक आहे? महाराष्ट्रात हा आजार प्रामुख्याने आदिवासी आणि अनुसूचित जातींमध्ये आढळतो. विद्यार्थी दिसायला धडधाकट. पण हाडा-सांध्यांत कळा सुरू झाल्या की अंथरुणाला खिळतो. हजेरी घटते, 'कामचुकार' म्हणून शिक्का बसतो आणि परीक्षेचा फॉर्म अडतो. अशा वेळी प्राध्यापकांनी बुडालेली प्रात्यक्षिके भरून द्यावीत आणि वैद्यकीय कागद घेऊन हजेरीचा प्रश्न स्वतः प्राचार्यांपुढे मांडावा. तासाला पाणी पिण्यास मज्जाव करू नये. शरीरात पाणी कमी पडले, थंडी बाधली की या कळा उठू शकतात.

अंध विद्यार्थी वर्गात असेल तर फळ्यावर लिहिलेले प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचावे. नोट्स युनिकोडमध्ये टाईप करून द्याव्यात. जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर किंवा वहीच्या पानाचा फोटो संगणकाला नीट वाचून दाखवता येत नाही. कर्णबधिर विद्यार्थी ओठांच्या हालचालींवरून समजून घेत असेल, तर फळ्याकडे तोंड करून बोलू नये. चाकाच्या खुर्चीवरील विद्यार्थिनीसाठी तास तळमजल्यावर घ्यावा. त्यासाठी इमारत पाडावी लागत नाही, वेळापत्रक बदलले तरी पुरते!

परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक या सोयी कलम 17 मध्येच नमूद आहेत. विकास कुमार खटल्यात 11 फेब्रुवारी 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की लेखनिक मिळण्यासाठी 40 टक्के अपंगत्वाची अट लावता येणार नाही. तेव्हा प्राध्यापकांचा पहिला प्रश्न 'सर्टिफिकेट किती टक्क्यांचे?' हा नसावा. 'तुला अडचण कुठे येते?' हा असावा, आणि तोही चारचौघांत नव्हे, बाजूला बोलावून विचारावा.

पालक आणि विद्यार्थ्यांनाही आमचे सांगणे आहे. सोय तोंडी मागू नका. सत्राच्या सुरुवातीलाच प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. दाद लागली नाही तर पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. अपंगत्वाच्या स्थितीत शिक्षणासाठी शासनाने साहाय्य करावे, हे संविधानाच्या कलम 41 मध्ये लिहिलेले आहे. त्या बळावर मागणाऱ्याने मान खाली घालण्याचे कारण नाही!